फेस बसण्याची कारणं

ल्होटा, १० जानेवारी २०१६

श्री. अलोइस ह्राडिल यांस,
मुक्काम लिंट्स, ऑस्ट्रिया

हे पत्र आपोलेनाच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. लग्न ठरल्याचं तिने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. मुलगा क्रिश्टोफ वाइगल, प्ल्झेनकडचा. बरा आहे. बोलतो कमी, स्क्रूड्रायव्हर नीट धरतो. त्याच्या बापाचं सगळं आयुष्य मात्र एका मोठ्या ब्रुअरीच्या तळघरात गेलं. म्हणजे त्या घरात ग्लास पुढे आला की आधी फेस बघतात, मग ग्लास देणारा माणूस.

बोझेना गेल्यापासून पोरगी सुट्टीला मामाकडे येते, बापाकडे जात नाही. हा टोमणा नाही, गाड्यांचं वेळापत्रकच तसं आहे. तर परवा ती आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "मामा, बिअर तुझी आणि मांस बाबांचं. मला दोन्ही हवं. एक जरी आलं नाही, तर मी नगरपालिकेत जाऊन सही करते आणि तुम्हा दोघांना फोटो पाठवते."

"बाबा येणार नाहीत."

"तू विचारलंस?"

"मी कशाला विचारू? बाबा तुझे आहेत."

"मेहुणे तुझे आहेत," असं म्हणून तिने हा कागद माझ्यापुढे सरकवला.

म्हणून विचारतो. ११ जूनला, शनिवारी, इथल्या खानावळीच्या अंगणात जेवण आहे. डुक्कर तुम्ही आणणार का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

माझ्या बाजूचं काम चोख आहे. बारा अंश घनतेची फिकट बिअर, घरच्या बाटल्यांत, रंग नव्या गवताच्या गंजीसारखा. कडवटपणा जिभेच्या मागे येतो आणि वेळेवर जातो. फेसाचा एक किरकोळ प्रश्न आहे, तो सुटल्यातच जमा आहे आणि त्याची चौकशी तुम्ही करू नये. दोन वर्षांपूर्वी तुमच्या अंगणात डुक्कर कापायच्या दिवशी, सगळ्या गावासमोर माझा ग्लास उंच धरून तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दशः आठवतं. "राडोव्हान, बोझेनाच्या भांडी घासायच्या पाण्याला याहून जास्त फेस यायचा." पाण्याचं मी सोडून दिलं असतं. बोझेनाचं नाव त्यात यायला नको होतं. ती तुमची बायको होती, पण त्याआधी माझी बहीण होती. त्या दिवसापासून मी तुम्हाला "तुम्ही" म्हणतो आणि त्यात बदल करण्याचं कारण मला अजून दिसलेलं नाही.

रा. कुबेल्का


ल्होटा, १४ फेब्रुवारी

श्री. ह्राडिल,

कार्ड मिळालं. "मांस आणीन. फेस उभा राहिला का?" या दोन वाक्यांसाठी तुम्ही अख्ख्या लिंट्स शहराचं रंगीत चित्र खर्ची घातलंत. पहिल्या वाक्याबद्दल आपोलेनाच्या वतीने आभार.

दुसऱ्याबद्दल सांगतो, कारण मी उत्तर टाळलं असं कोणी म्हणायला नको.

माझी कामाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की शिकाऊ माणूस चार गोष्टी एकदम बदलतो. लिफ्ट चालू होते, पण बिघाड कुठे होता ते कोणालाच कळत नाही, आणि महिन्याने ती पुन्हा तिथेच अडकते. मी एका वेळी एकच वायर सोडतो. बिअरचंही तसंच. बाटल्यांपासून सुरुवात केली. साबण बंद. सोड्याचं गरम पाणी, मग तीनदा साधं पाणी, मग बाटल्या उलट्या टांगून ठेवायच्या. फडकं लावायचं नाही. चिनी मातीच्या झाकणांखालची रबरं सगळी नवीन घातली, कारण जुन्या रबरातून गॅस निसटतो आणि लोक उगीच यीस्टला नावं ठेवतात. फेस टिकला नाही. पुढच्या खेपेला सातूच्या जोडीला थोडा मोड आणलेला गहू घातला, गव्हाने फेसाला अंग येतं. नाही टिकला. त्याच्या पुढच्या खेपेला हंड्यातलं पाणी सुरुवातीला जरा जास्त गरम ठेवलं. तेच. हॉप्सची कडू फुलं बदलली, विकणाऱ्याकडे यंदाची ताजी होती. तेच.

ग्लास भरला की फेस येतो, हे लिहून ठेवा. दाट येतो, बोटभर येतो. दोन घोट घेतले की मधूनच फाटतो आणि कडेला तळ्यातल्या शेवाळासारखा चिकटून बसतो.

चाचणी दर रविवारी असते. मी, आमची सौ. यार्मिला आणि शेजारचे मेतोद्येय, ते आता पोस्टातून निवृत्त झाले आहेत. यार्मिला पाहुणचारात कमी पडत नाही. डुकराची चरबी फासलेल्या पावावर कुरकुरीत तळलेल्या चरबीच्या श्क्वार्की, वर कांदा आणि मीठ, टेबलावर कायम भरलेली ताटली. मेतोद्येय येतात ते ताटलीसाठी, हे मला कळतं, पण त्यांची जीभ खरी आहे. गेल्या रविवारी ते म्हणाले, "राडोव्हान, फेस मस्त होता. मी चष्मा पुसेपर्यंत होता."

आता एकच गोष्ट राहिली आहे, गॅस. बाटली भरताना साखर थोडी वाढवणार आहे. आत जोर जास्त असेल तर फेसाला उठून उभं राहावंच लागेल.

रा. कुबेल्का


ल्होटा, १३ मार्च

श्री. ह्राडिल,

गुरुवारी तळघरात थोडी काच झाली.

आपोलेनाने तुम्हाला फोनवर काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. कोणी जखमी झालेलं नाही. मेतोद्येयना वाटलं बंदूक उडाली. त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "कोणाला मारलंस?" उरलेल्या बाटल्या यार्मिलाने मोटरसायकलचं हेल्मेट घालून आणि हातात ओव्हनचे मोजे चढवून बाहेर आणल्या. मी आणायला निघालो होतो, तिने आणू दिलं नाही. म्हणाली, "तू खाली गेलास तर आधी बाटल्यांना प्रश्न विचारत बसशील." न फुटलेली एक मी अंगणात उघडली. अर्धी बिअर भिंतीवर गेली. यार्मिला हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "आला बघ तुझा फेस."

कारण मला त्याच संध्याकाळी कळलं, आणि ते साधं आहे. तळघर यंदा जास्त थंड होतं, यीस्ट अर्ध्या वाटेत झोपलं. बिअरमधली स्वतःची साखर संपलेली नसताना मी बाटली बंद केली आणि वरून आणखी घातली. मार्चमध्ये ऊन आलं, यीस्ट जागं झालं आणि दोन माणसांचं जेवण एकट्याने जेवलं. पुन्हा होणार नाही. साखर आता चमच्याने बाटलीगणिक घालायची नाही, पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळायची, आणि तीही बिअरची घनता दोन दिवस जागची हलत नाही हे बघून. हे मी कोणाकडून शिकलो नाही, तळघर झाडताना शिकलो.

पण मूळ प्रश्न तिथेच आहे. गॅस म्हणजे गर्दी, आणि फेस म्हणजे त्या गर्दीने रांगेत उभं राहणं. गर्दी वाढवली म्हणून रांग लागत नाही.

काल आपोलेना आली. तिने काच भरली, हात धुतले आणि बसली. "मामा, पिंप मागवू या. खानावळीत मिळतं."

मी उरलेल्या बाटल्या मोजत होतो.

"आणि बाबांना सांगते, मांसही नको. खानावळवाला करेल सगळं."

"त्यांच्या मांसाला काय झालं?"

"काही नाही. पण दोघांचं घेईन, नाहीतर कोणाचंच नाही. एकाचं घेतलं तर दुसरा माझ्या मुलांच्या लग्नापर्यंत बोलून दाखवेल. मग ते लग्न नाही, तुमच्या भांडणाचा वर्धापनदिन होईल. त्यापेक्षा नगरपालिका बरी."

तिने मला ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर केलेली बारा अंशांची बिअर जूनपर्यंत तळघरात नीट मुरणार नाही, हे तिला माहीत आहे. माझ्याकडूनच शिकली. तू आत्ता हसत असशील. मिशी ओढत त्या परक्या खाटीकखान्यातल्या लोकांना सांगत असशील की माझ्या मेहुण्याने स्वतःचं तळघर उडवलं. सांग. पण हे ध्यानात घे की माझी बिअर गेली तर तुझं डुक्करही गेलं.

वर "तू" लिहिलं गेलं आहे. खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून राहू दिलं.

रा. कुबेल्का


ल्होटा, २६ मार्च

अलोइस,

बस आणि वाच. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे.

काल गुड फ्रायडे. यार्मिला त्या दिवशी घरात मांसाचा वासही येऊ देत नाही. सुट्टी होती, मेतोद्येय रविवार समजून आले. टेबलावर कोरडा पाव, मुळे आणि मीठ. त्यांनी ताटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "यार्मिलाताई, देवाने सोसलं ते मान्य, पण मी काय केलं?"

मी बाटली उघडली. पहिल्या खेपेतली, गहू न घातलेली, साधी, त्या वर्षी तुझ्या अंगणात आणली होती तशीच. ग्लास थंड पाण्यातून काढला, ओतली. फेस आला. प्यायलो, बोललो, मेतोद्येयनी पोस्टमास्तरच्या कुत्र्याची गोष्ट पुन्हा सांगितली. ती किती लांब आहे तुला माहीत आहे. गोष्ट संपली आणि मी खाली बघितलं तर फेस होता. तिथेच होता. ग्लास निम्मा झाला तरी वर पांढरी टोपी, आणि आत प्रत्येक घोटाचं एकेक कडं काचेला चिकटलेलं.

मी उठलो. मागच्या खोलीत गेलो, चरबीची बरणी आणली, करंगळीचं टोक बुडवलं आणि फेसाला लावलं. त्याला भोक पडलं. भोक पसरत गेलं, आणि मेतोद्येय चष्मा काढेपर्यंत ग्लासात भांड्यांचं पाणी होतं.

"शास्त्रासाठी मी एक श्क्वार्की खातो," मेतोद्येय म्हणाले.

"शास्त्रासाठीसुद्धा नाही," यार्मिला म्हणाली.

मग मी चरबी नुसती ओठांना लावली, गिळली नाही, आणि नव्या ग्लासातून प्यायलो. बसला. ओठ कोमट पाण्याने धुतले, तिसरा ग्लास घेतला. उभा राहिला. पुन्हा लावली, पुन्हा बसला. यार्मिला म्हणाली, "हे पाद्रीबाबांना तू सांगायचंस, मी नाही."

ओठ तेलकट असले की फेस मरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी ते दुसऱ्यांच्या बिअरसाठी राखून ठेवलं होतं. बाटली बदलली, धान्य बदललं, पाणी बदललं, साखर बदलली. ताटली बदलली नाही, कारण ताटली बिअरमध्ये नव्हती.

आता दोन वर्षांपूर्वीचं अंगण डोळ्यांपुढे आण. तू पहाटेपासून डुकरात कोपरापर्यंत. हंड्यात चरबी उकळते आहे, हवेतसुद्धा चरबी. ग्लास कोणी पुसले? तुझ्या शेजारणीने, ज्या फडक्याने सॉसेजची फळी पुसली त्याच फडक्याने. आणि तू माझा ग्लास घेतलास तेव्हा तोंडात गरम सॉसेज होतं. त्या दिवशी माझ्या बिअरला काहीही झालं नव्हतं, अलोइस. तुझ्या मिशीला झालं होतं.

आज सकाळी हंडा चढवला. साधी कृती, गहू नाही, काही नाही. आपोलेनाला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं तुम्ही दोघं सॉसेजमुळे बोलत नव्हता?"

मी म्हटलं, फेसामुळे.

राडोव्हान कुबेल्का


ल्होटा, २२ मे

अलोइस,

तुझं कार्ड आलं. यावेळी कडेनेही लिहिलंस, पत्त्याच्या जागेतही. "माझ्या डुकरावर खापर फोडू नकोस. लग्नाला लोक जेवायला येतात, ग्लासात डोकवायला नाही. माझ्या चरबीची लाज वाटत असेल तर मला बोलावू नका."

मी खापर फोडलेलं नाही, कारण शोधलं. खापर फोडणारा माणूस तिथे थांबतो. मी पुढे तोडगाही काढला होता. आधी दारात पाव, मीठ आणि बिअर, मग तास-दीड तासाने जेवण, मध्ये प्रत्येकासमोर कोमट पाणी आणि स्वच्छ रुमाल. आपोलेनाने तो कागद वाचला आणि दुमडून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"मामा, लग्न आहे, ऑपरेशन नाही."

"मग त्या वाइगलसमोर फेस बसेल."

"बसू दे. पहिला ग्लास दारात द्यायचा, तेवढं तुझं ऐकलं. पुढचं जसं होईल तसं. आणि चरबी हा शब्द त्या दिवशी तुझ्या तोंडून आला नाही पाहिजे. बाबांनी ऐकला तर ताट ठेवून निघून जातील, तुला माहीत आहेत ते. शब्द दे."

दिला. तुझ्याकडूनही तिने काही कबूल करून घेतलं असेल, काय ते मला सांगत नाही.

बिअर तयार आहे. काल एक उघडली. झाकण उघडताना फक्त श्वास सोडल्यासारखा आवाज, बाहेर एक थेंब नाही. तळाशी यीस्टचा थर बोटाने काढलेल्या रेघेइतका. ग्लास खिडकीत धरला तर पलीकडचं कुंपण दिसतं. अशी मी आजवर केली नव्हती आणि आसपासच्या दहा गावांत कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

ये. वाइगलसमोर ही एकटी उभी करायची नाही मला. चांगल्या बिअरला शेजारी चांगलं मांस लागतं, आणि ते या बाजूला दुसऱ्या कोणाचं नाही.

राडोव्हान


ल्होटा, १९ जून

अलोइस,

तू रविवारी सकाळीच गाडी काढलीस, मी खानावळीच्या खुर्च्या मोजून देत होतो. म्हणून बोलायचं राहिलं, ते लिहितो.

तू दारात पोचायच्या आधीचं तुला माहीत नाही. म्हाताऱ्या वाइगलने ग्लास घेतला, उजेडात धरला. अर्धा प्यायला. मग ग्लास फिरवून आतली कडी बायकोला दाखवली आणि क्रिश्टोफला विचारलं, "कोणत्या ब्रुअरीची?" क्रिश्टोफ म्हणाला, "हिच्या मामाची." म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि ग्लास पुढे केला. मी भरला. त्या एका मिनिटासाठी मी दोन वर्षं तळघरात घातली आणि एकही वाया गेलं नाही.

मग तू आलास, दारात तुलाही ग्लास दिला, मग डुक्कर आलं. लोक जेवायला बसले, आणि पुढे काय होणार हे त्या अंगणात फक्त आपल्या घरच्यांना माहीत होतं. लसणीत भाजलेल्या मांसावरून तूप निथळावं तशी चरबी निथळत होती. दुसरी फेरी ओतली, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक ग्लास मेला. वाइगलच्या भावाने स्वतःच्या ग्लासात वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "दारातली चांगली होती. ही कमी पडली म्हणून बाहेरून आणलेली दिसते."

मी उठलो होतो. तू बघितलंस. शब्द इथपर्यंत आला होता, सगळं स्पष्टीकरण तयार होतं, करंगळीच्या प्रयोगासकट. आपोलेनाने माझ्याकडे बघितलं. तिने काही खूण केली नाही, नुसतं बघितलं, बोझेना बघायची तसं. मी खाली बसलो. माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली बिअर बाहेरून आणलेली ठरली आणि मी बटाटा खाल्ला. त्याहून अवघड काम मी केलेलं नाही, आणि लिफ्टच्या खड्ड्यात मी बरंच काही केलं आहे.

तेव्हा तू उठलास. मला वाटलं, निघालास. तू रुमाल घेतलास, मिशी पुसलीस, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि लिंट्सला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालास, "बिअर तीच आहे. डुक्कर माझं आहे. माझ्या डुकरापुढे आजवर कुठलाच फेस टिकला नाही, आणि हिचा दारात टिकला तेवढा मी कुठे बघितला नाही. ज्याला फेस हवा त्याने तोंड पुसावं. ज्याला पुसवत नाही त्याने खावं आणि गप्प बसावं."

म्हाताऱ्या वाइगलने आधी तोंड पुसलं. मग सगळ्यांनी. पन्नास माणसं एका वेळी तोंड पुसताना मी पहिल्यांदा बघितली. यार्मिला इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

एका दमात तू स्वतःचं डुक्करही वर चढवलंस आणि माझी बिअरही. हे मला जमलं नसतं. मी खरं सांगितलं असतं आणि तेवढ्यावर थांबलो असतो.

आता मांसाबद्दल, कारण त्या दिवशी मला बोलायची बंदी होती. साल कुरकुरीत, आतलं मांस काट्याने सुटत होतं, मीठ अचूक. मी तीनदा घेतलं. फक्त शहाजिरं जास्त होतं. तिकडच्या लोकांच्या नादाने तुझा हात सैल झाला आहे. सोबत आमच्या परसातलं पाठवतो, ते वासाला सौम्य आहे, चिमूटभर पुरतं. जानेवारीत तू डुक्कर कापशील तिथे, इथे असो की लिंट्सला, मी येणार आहे. किती घालतोस ते बघायला कोणीतरी पाहिजे.

राडोव्हान